नर्सबाईंचा डोंगर

मला खोली दाखवायच्या आधी नर्सबाईंनी डोंगर दाखवला. मी खांद्यावर बॅग घेऊन उन्हात उभा होतो. चाकणच्या चौकात कांद्याच्या ट्रकांमागे बस बराच वेळ अडकून पडली होती, घशाला कोरड पडली होती, आणि या बाई पदर खोचून, एक हात कमरेवर ठेवून मला वर बघायला सांगत होत्या.

"त्यो वरचा काळा पट्टा दिसतो का? ती करवंदीची जाळी. तिथपातुर कुऱ्हाड न्यायची न्हाई, कोयता न्हाई, काडेपेटी न्हाई. पटत आसंल तर खोली बघ."

"मावशी, मी कंपनीत स्टोअरला लागलोय. मी कशाला कुऱ्हाड नेईन?"

"समदे आसंच म्हन्त्यात. कुठला तू?"

"लातूरचा."

"मग चल, लातूरकर."

माझं नाव त्यांनी नंतरही कधी घेतलं नाही. शेजारच्या खोलीतले बीडवाले, पलीकडचे जळगाववाले, आणि मी लातूरकर. वर पत्रा, पुढं मोरी, मागच्या भिंतीला लागूनच चढ. खिडकी उघडली की समोर आभाळ नाही, डोंगराचं अंग दिसायचं. माझ्या आधीचा भाडेकरू याच कारणानं खोली सोडून गेला होता. मला ते आवडलं. लातूरला आमच्याकडं चहूबाजूंनी सपाट.

नर्सबाईंचं खरं नाव सुमन. पण वाडीत त्या नावानं हाक मारणारं माणूस उरलं नव्हतं. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी तालुक्याच्या पश्चिमेला काढली, राजगुरुनगरच्या पुढं, भीमाशंकरकडच्या डोंगरांत. एसटी जिथं थांबायची तिथून पायी. रिटायर होऊन सासरच्या वाडीत आल्या तेव्हा नवरा जाऊन काही वर्षं झाली होती, खालची शेतं कंपन्यांच्या वसाहतीत गेली होती, आणि मुलगा दत्ता टेम्पो चालवत होता. उरला होता घरामागचा उतार. वर वनखात्याचं रान, खाली वाडी, आणि मधला तो उताराचा पट्टा नर्सबाईंच्या घरचा.

त्यांना बसलेलं मी क्वचितच पाहिलं. चहा बशीत ओतून उंबऱ्यात उभ्यानं प्यायच्या. टीव्हीवरची मालिकासुद्धा एक पाय आत, एक पाय बाहेर अशी बघायच्या, आणि ऐन रंगात आली की निघून जायच्या. सून म्हणायची, "आत्याबाई, टेका की जरा." त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर, "टेकलं की हाक येती." जन्मभर हाका आल्या होत्या. जेवणाच्या ताटावर, लग्नाच्या पंगतीत, नवऱ्याच्या दहाव्याला. आता कुणी बोलावत नव्हतं, तरी शरीर तयारीतच असायचं. सकाळी माझी कंपनीची बस यायच्या आधी त्या डोंगरावर जाऊन आलेल्या असत. परकराला कुसळं चिकटलेली, हातात कुणीतरी टाकलेल्या पाण्याच्या बाटल्या, आणि चेहऱ्यावर काहीतरी हरवून आल्यासारखा भाव.

"आज काय झालं, मावशी?"

"एक मोईचं झाड गेलं. बुडातनं."

"कुणी तोडलं?"

"कुनी का आसंना. परवा व्हतं, आज न्हाई."

माणूस कसा जन्मला हे त्या विसरत नसत. चाकणच्या बाजारात भाजी घेताना एखादा तिशीचा बाप्या नमस्कार करायचा आणि नर्सबाई मला सांगायच्या, "ह्याच्या मानंला नाळीचे येढे व्हते. निळा पडला व्हता." किंवा, "ही रडलीच न्हाई. पाठीत दोन चापट्या दिल्या तवा रडली, ती अजून गप न्हाई." ती बाईही हसायची. पश्चिमेच्या त्या वाड्यांमधली निम्मी तरणी माणसं आता चाकण-भोसरीच्या कंपन्यांत होती. त्यांना बघितलं की नर्सबाईंना आनंद व्हायचा, आणि मग लगेच काहीतरी टोचायचं.

एकदा त्यांनीच ते बोलून दाखवलं. आम्ही बाजारातून पायी येत होतो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गोदामं, त्यांच्यामागं खोल्यांच्या चाळी, चाळींच्या मागं अर्धे कापलेले डोंगर.

"मी तिकडं बायांना लई समजावलं," त्या म्हणाल्या. "दोन लेकरांवर थांबा. आप्रेशनला मी सोता घिऊन जायची, माघारी आनून सोडायची. मला वाटायचं, तोंडं कमी झाली की रान ऱ्हाईल. सरपान कमी लागंल, नाचनीच्या रोपासाठी फांद्या तोडून जाळत्यात ते कमी हुईल. लेकरं कमी झाली, खरंच झाली. मग जी व्हती ती समदी हिकडं आली. हिकडं तुमी आला. आन् नुसती मानसं न्हाई वाढली, लातूरकर. खोल्या वाढल्या. माझ्या सासरी एका घरात तेरा जनं निजायची. आता नवराबायकूला दोन खोल्या आन् गाडीला येगळा पत्रा."

"मग काय करायचं, मावशी?"

"त्येच तर कळंना," त्या म्हणाल्या, आणि चालण्याचा वेग वाढवला. कळेनासं झालं की त्या भरभर चालायच्या. मला पळावं लागलं.

शेजारच्या बीडवाल्यांचं आणि त्यांचं पहिलं भांडण मला चांगलं आठवतं. बाळू एका कंपनीच्या पेंट शॉपमध्ये कंत्राटी होता. त्याची बायको संगीता लग्नाआधीपासून ऊसतोडीला गेलेली, कोयता तिच्या हाताचाच भाग. त्यांच्याकडं गॅस होता तो छोटा, आणि तो संपला की भरून मिळायला वेळ लागायचा. एका सकाळी ती डोंगरावरून धावड्याचं कोवळं झाड तोडून, फरफटत घेऊन आली. नर्सबाई दारातच आडव्या आल्या आणि तिच्या हातातून कोयता काढून घेतला.

"कुनाला इचारून तोडलं?"

"कुनाला इचारायचं? डोंगर काय तुमच्या घरचाय का?"

"माझ्या घरचा न्हाई म्हून तर."

"मग भाकरी कशावर करू? लेकरू उपाशीय. तुमी सांगा, कशावर करू."

नर्सबाई संगीताला बाजूला सारून तिच्या खोलीत गेल्या. मी दारातून बघत होतो. तीन विटा, विझलेली राख, परातीत मळून ठेवलेलं पीठ, आणि कोपऱ्यात एक पोरगी कोरडा पाव चघळत बसलेली. नर्सबाईंनी परात उचलली, पोरीला कडेवर घेतलं आणि थेट आपल्या स्वयंपाकघरात गेल्या. मागं वळून म्हणाल्या, "ये. माझ्या शेगडीवर कर." संगीता रागानंच गेली. त्या दिवशी दोघींनी एकमेकींकडं न बघता भाकऱ्या केल्या. पुढं संगीता तिथंच करू लागली, आणि पुढं दोघींना एकमेकींवाचून करमेना.

पण वाडीत अशा खोल्या पुष्कळ होत्या आणि सगळ्यांना नर्सबाईंची शेगडी पुरणार नव्हती. आठवडाभर त्या बेचैन होत्या. मग एके संध्याकाळी मी बसमधून उतरलो तर त्या थांब्यावरच उभ्या.

"तुझ्या कंपनीत लाकूड येतं का रं?"

येत होतं. मशीनचे भाग लाकडी खोक्यांतून आणि फळ्यांच्या चौकटींवरून यायचे. आम्ही त्यांना पॅलेट म्हणायचो. मोडकी पॅलेट मागच्या अंगणात पडून असायची. मी साहेबांना विचारलं, ते म्हणाले, मोडकी न्या, जागा तरी मोकळी होईल. दत्तानं टेम्पो आणला आणि नर्सबाईंच्या अंगणात फळ्यांचा ढीग पडला.

त्यांनी एक फळी उचलली, नाकाला लावली. पिवळसर, हलकी फळी. तिला राळेसारखा वास येत होता.

"ह्ये कुठलं झाड?"

"बाहेरच्या देशातलं असेल. चीड, देवदार, तसलं काहीतरी."

"म्हंजी डोंगरातलंच."

"असेल."

त्यांनी फळी खाली ठेवली. "म्हंजी आपला राखायला दुसऱ्या कुनाचा तरी डोंगर जाळायचा," असं म्हणाल्या, आणि मग घरोघरी वाटायला निघाल्या. दुसरं काही हातात नव्हतं. डोंगरावरची तोड त्या वर्षी खरंच कमी झाली. बायका कुरकुरत, धूर फार होतो म्हणून, पण फळी घरपोच मिळत होती.

पुढच्या उन्हाळ्यात वणवा लागला. गवत पिवळं होऊन उभं होतं. गोदामामागं दारू प्यायला बसणाऱ्या पोरांची सिगारेट असेल किंवा कुणी मुद्दाम लावला असेल. पहिली शिफ्ट सुटली होती. मी बसमधून उतरलो तेव्हा नर्सबाई चपला हातात घेऊन चढाला लागल्या होत्या, आणि वरून धूर लोळत येत होता.

त्या मागं वळून बसमधल्यांना म्हणाल्या, "उतरा रं खाली. ओल्या डहाळ्या तोडा आन् या." त्यांनी स्वतः डहाळी तोडायला सांगितलेली मी तेवढीच एक वेळ ऐकली. आणि माणसं उतरली. कुणी लातूरचा, कुणी जळगावचा, कुणी बिहारचा, अंगात कंपनीचे कपडे, पायांत सेफ्टी शूज. त्यांना या डोंगराशी काही देणंघेणं नव्हतं, पण बाईंच्या आवाजात काहीतरी असं होतं की बाळंतघरात उभं असल्यासारखं सांगितलं ते करावंसं वाटायचं. आम्ही डहाळ्यांनी आग झोडपत राहिलो. दत्ता सगळ्यांत पुढं होता. त्याच्या भुवया जळाल्या. उजेड मावळायच्या सुमाराला आग वरच्या खडकाशी थांबली.

सगळे जळक्या जमिनीवर धापा टाकत बसलो. नर्सबाई एकट्याच फिरत होत्या. काळ्या बुंध्याला हात लावायचा, पुढं जायचं. दत्ता पाण्याची बाटली घेऊन त्यांच्यामागं गेला.

"आई, दरसाल हेच. कुठवर राखणार तू? इथं खोल्या असत्या तर निदान वणवा तरी लागला नसता."

त्यांनी बाटली घेतली नाही. "मुळं जित्ती हायत," म्हणाल्या. ते त्याला सांगितलं की स्वतःला, कळलं नाही.

पण दत्ताच्या डोक्यात ते बी तिथंच पडलं. टेम्पोचं काम कमी झालं होतं, घरात दोन मुलं शाळेत जात होती, आणि घरामागचा उतार नुसता पडून होता. त्यातच विलास यायला लागला. विलास म्हणजे या भागात डोंगराचे तुकडे पाडून प्लॉट विकणारा माणूस. स्वतःचे दोन जेसीबी, पांढरी गाडी, पांढरे कपडे. आला की आधी वाकून नर्सबाईंच्या पायांना हात लावायचा.

"नर्सबाई, तुमच्या हातावरचा मी. तुम्ही नाही म्हणालात तर खड्याला हात लावणार नाही."

"व्हय. पायाळू व्हतास. आधी पाय भाईर आले. तुझ्या आईला लई तरास दिला."

"म्हणून तर आई तुमचं नाव काढते."

तो हसायचा, त्याही हसायच्या, आणि सही न करता आत निघून जायच्या. उतारात त्यांचा हिस्सा होता, त्यांच्या सहीवाचून काही हलणार नव्हतं. असे कितीतरी महिने गेले. मायलेकांत बोलणं कमी झालं. एका रविवारी मात्र दत्ताचा तोल सुटला. मी ओसरीवर होतो. त्यानं माझ्याकडंच बोट केलं.

"हा कुठं राहणार, सांग. संगीता कुठं राहणार. रोज नवीन पोरगं येतं आणि खोली आहे का विचारतं. नाही म्हणून सांगतो मी. पलीकडं बघ जाऊन, एका अंथरुणावर तिघं आळीपाळीनं झोपतात. त्यांना माणसं नाही म्हणायचं का? तू आयुष्यभर माणसं जगवलीस आणि आता झाडं बघतेस."

सून दारात येऊन थांबली. नर्सबाईंनी चहाची बशी खाली ठेवली आणि चालू पडल्या. मला वाटलं डोंगरावर गेल्या. त्या गेल्या होत्या रस्त्यापलीकडच्या चाळीत. संध्याकाळी माझ्या दारात आल्या तेव्हा चेहरा उतरलेला होता.

"खरंय त्याचं," त्या म्हणाल्या. "रातपाळीचं पोरगं आलं तर दिवसपाळीच्याचं अंथरून आजून गरम. पत्र्याखाली. एका खोलीत एक पोर तापानं फणफणलेलं, त्याला पडायला जागा न्हाई, ते बसून झोपलं व्हतं." मग म्हणाल्या, "संगीताला दिवस गेल्यात. त्या एवढ्याशा खोलीत चौथं मानूस कुठं ठिवंल ती?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी सही केली. अट एकच घातली. उताराच्या मध्यावर जुना दगडी बांध होता, त्याच्याखालचं घ्यायचं. बांधाच्या वर जेसीबीचा दात लावायचा नाही. विलासनं आईची शपथ घेतली. दत्तानं आईच्या पायांवर डोकं ठेवलं. त्या बाजूला झाल्या आणि म्हणाल्या, "पाया पडून काय हुतंय. बांध बगा म्हंजी झालं."

खोदकाम सुरू झालं तेव्हा मी त्यांना रोज बांधावर उभं असलेलं बघायचो, उन्हात, डोक्यावर पदर. जेसीबीवाल्याला त्या पाणीही नेऊन द्यायच्या आणि डोळेही वटारायच्या. मग त्यांना डोळ्याच्या तपासणीसाठी राजगुरुनगरला बहिणीकडं जावं लागलं. मोतीबिंदू निघाला, तिथंच ऑपरेशन झालं, मुक्काम लांबला. परत आल्या तेव्हा बांध नव्हता. कापलेला कडा बांधाच्याही वर गेला होता, उभा, लाल, ताजा. वरच्या झाडांची मुळं हवेत लोंबत होती.

विलास म्हणाला, "भिंत सरळ यावी म्हणून थोडं वर जावं लागलं, नर्सबाई. इंजिनीयरनं सांगितलं." दत्ता खाली बघत होता. तो टेम्पोवर बाहेर गेलेला असताना ते झालं, की त्याच्या देखत झालं, हे त्यानं कधी सांगितलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही. डोळ्यावर हिरवी पट्टी तशीच ठेवून त्या कड्याजवळ गेल्या आणि ओल्या मातीवर तळवा ठेवला.

"पोट फाडलं आन् टाकं न घालताच सोडलं," एवढंच म्हणाल्या.

खोल्या झाल्या. मागची रांग कड्याला लागून होती. ती पुढच्यापेक्षा मोठी म्हणून संगीता-बाळू तिकडं गेले. पावसाळा आला तशा नर्सबाई पार अस्वस्थ झाल्या. छत्री घेऊन दिवसातून कितीदा तरी मागं जायच्या, पाणी कुठून येतंय बघायच्या. श्रावणात सलग झड लागली. त्या रविवारी दुपारी मी झोपलो होतो, तर ताटावर पळी बडवल्याचा आवाज. नर्सबाई भिजत मागच्या रांगेतून फिरत होत्या.

"भाईर या. समदे भाईर या. पानी गढूळ यायला लागलंय."

सकाळपर्यंत कड्यातून स्वच्छ पाणी झिरपत होतं. आता ते चहासारखं झालं होतं. पश्चिमेच्या एका वाडीत त्यांनी तसं पाणी पाहिलं होतं आणि त्यानंतर काय झालं तेही पाहिलं होतं. माणसं बाहेर आली, चिडून. काहीजण रातपाळी करून नुकतेच झोपले होते. दत्ता म्हणाला, "आई, उगाच घाबरवू नको, लोक खोल्या सोडून जातील." त्यांनी त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. सगळ्यांना रस्त्यावर, मंदिराच्या पत्र्याखाली आणून उभं केलं. तास गेला, काही झालं नाही. कुणीतरी हसलं. दोघं-तिघं परत निघाले, त्यांना त्यांनी दंडाला धरून मागं ओढलं. संगीताची पोरगी माझ्या कडेवर होती. बाळू कधी निसटला ते कुणालाच कळलं नाही.

तो सेफ्टी शूज आणायला गेला होता. दुसऱ्या दिवशी त्याची पहिली शिफ्ट होती, आणि बुटाशिवाय गेटवर आत सोडत नसत.

मोठा आवाज वगैरे झाला नाही. ट्रकमधून वाळू ओतावी तसं काहीतरी ऐकू आलं, आणि मागच्या रांगेच्या दोन खोल्या पुढं झुकल्या. दत्ता सगळ्यांत आधी धावला. मग आम्ही. हातांनी, घमेल्यांनी चिखल ओढला. बाळू दाराच्या चौकटीखाली सापडला, शुद्धीवर होता, गुडघ्याखालचा पाय बिमखाली. त्याला बाहेर काढल्यावर नर्सबाई चिखलात गुडघे टेकून बसल्या. त्यांचा आवाज एकदम खाली आला, शांत झाला. "फळी आना. दोन आना." कुणीतरी अंगणातल्या ढिगातून पॅलेटच्या फळ्या आणल्या. लुगडं फाडून त्यांनी पाय फळ्यांत बांधला, त्याच्याशी बोलत राहिल्या, त्याच्या गावाचं नाव विचारलं, आईचं नाव विचारलं. अँब्युलन्स निघून गेल्यावर सुनेनं त्यांना धरून घरात नेलं.

पिंपरीच्या दवाखान्यात पाय वाचला, पण ताठ राहिला. कंत्राटदारानं तोवर दुसरा माणूस घेतला होता. दिवाळीच्या आधी बाळू आणि संगीता बीडला परत निघाले. दत्तानं टेम्पोत सामान चढवलं, स्वतः पोचवायला निघाला. संगीताचे दिवस भरत आले होते. ती नर्सबाईंच्या गळ्यात पडली.

"तुमी तर सांगितलं व्हतं, मावशी."

"मी सही बी केली व्हती," नर्सबाई म्हणाल्या.

संगीताला त्याचा अर्थ लागला नसावा. तिनं डोळे पुसले आणि टेम्पोत चढली. पुढं तिचा फोन आला, मुलगी झाली, नाव सुमन ठेवलं. नर्सबाईंनी फोन सुनेकडं दिला आणि मागच्या दारानं निघून गेल्या.

मागची रांग पुन्हा बांधली नाही. दत्तानं तिथं दगडी भिंत घातली आणि वरचा उतार तसाच सोडला. पुढच्या खोल्या मात्र लगेच भरल्या. कंपन्यांत भरती चालूच होती आणि माणसं येतच होती. विलासची पाटी दुसऱ्या डोंगरावर लागली. नर्सबाईंनी पहार उचलली. उघड्या कड्यावर घायपात, करवंद, बांबू, जे मिळेल ते लावत सुटल्या. पावसात निम्मं वाहून जायचं, त्या पुन्हा लावायच्या. काही दिवस दत्ता खालून बघत राहिला. मग एका सकाळी न बोलता दुसरी पहार घेऊन वर गेला. त्यांच्यात तेवढंच बोलणं झालं, पण झालं.

माझं लग्न झालं, मोशीला फ्लॅट घेतला. नर्सबाई एकदा आल्या होत्या. बायकोनं शिरा केला होता, तो त्यांनी गॅलरीत उभ्यानं खाल्ला. सातव्या मजल्यावरून खाली बघत होत्या. चारी बाजूंनी इमारती.

"इथं आधी काय व्हतं?"

मला माहीत नव्हतं. बायकोलाही नाही. शेजारच्यांना विचारलं, त्यांनाही नाही.

"कुनाला तरी ठावं पायजे," म्हणाल्या, आणि बशी माझ्या हातात देऊन लिफ्टकडं निघाल्या. त्यांना सोडायला गाडी काढीपर्यंत त्या चौकापर्यंत चालत गेल्या होत्या.

शेवटचं भेटलो ते आमच्या मुलाच्या बारशाचं बोलावणं करायला गेलो तेव्हा. घरी सून एकटीच होती. म्हणाली, वर आहेत. मी चढून गेलो. कड्यावर आता घायपाताच्या रांगा धरल्या होत्या, मधूनमधून बांबू. नवीन भाडेकरूची बायको, बिहारकडची, वीस-बावीसची, पहारीनं खड्डे घेत होती. तिचं तान्हं पोर सावलीत चादरीवर पडून रडत होतं. कड्याच्या काठावर एक आपटा होता. त्याची अर्धी मुळं अजून उघडी होती. नर्सबाई त्याच्याखाली उभ्या होत्या, हातात जुन्या लुगड्याची झोळी.

ती बाई हिंदीत म्हणत होती, "माताजी, डाल टूट जाएगी. बच्चे को नीचे ही रहने दो."

"रुक," नर्सबाई म्हणाल्या.

मी हाक मारणार होतो, पण थांबलो. त्यांनी झोळी खांद्यावर टाकली, पदर खोचला, दोन्ही हात वर करून फांदी धरली आणि पाय जमिनीवरून उचलले. सत्तरीची बाई, चपला गळून पडलेल्या, त्या आपट्याला लोंबकळत होती. फांदी खाली आली. झाड जरा करकरलं. उघड्या मुळांतून थोडी माती कड्यावरून खाली घरंगळली. त्या तशाच राहिल्या, डोळे बारीक करून, कान देऊन. मग हळूच पाय टेकले, झोळी त्या बाईच्या हातात दिली आणि म्हणाल्या,

"धरतंय. बांध."